कोण बघणार हाय?

डावा डोळा अर्धा मिटायचा, मान जराशी कलती करायची आणि समोरच्याला विचारायचं, "कोण बघणार हाय?"

फोटो काढायला आलेल्या प्रत्येक माणसाला हा पहिला प्रश्न. या नाही, बसा नाही. माणूस गडबडून जायचा. पासपोर्ट साईजचा फोटो कोण बघणार, याचा विचार आपण कुणी कधी केलेला असतो का? "फॉर्मला लावायचाय," असं काहीतरी तो पुटपुटायचा. त्यावर पुढचा प्रश्न तयार असायचा. "फारमला काय डोळे हायेत का? फारम कोण बघणार हाय, ते सांग." मग माणूस साहेब, मॅडम, मुलीकडचे, मुलाकडचे असं काहीतरी सांगायचा, आणि ते ऐकून झाल्यावरच हे गृहस्थ कॅमेऱ्याला हात लावायचे.

तुम्ही कधी दिंद्रुडच्या स्टँडवर उतरला असाल तर तुम्हीही त्यांना पाहिलं असेल. निदान त्यांनी तुम्हाला नक्की पाहिलं असेल. दुकानाच्या दारात स्टूल टाकून बसायचे आणि एसटीतून उतरणाऱ्या प्रत्येकाच्या पिशवीत दुसऱ्याचंच सामान आहे, अशा नजरेनं बघायचे. गाव त्यांना चाचा म्हणायचं. त्यांच्याहून वयानं थोर माणसंही चाचाच म्हणायची. डोळ्याचं कारण साधं होतं. उभी हयात कॅमेऱ्याला उजवा डोळा लावून डावा मिटायची सवय. पुढं कॅमेऱ्याच्या मागं छोटा पडदा आला, मोबाइल आले, डोळा मिटायची गरज राहिली नाही. पण तो डोळा काही पुरता उघडला नाही. त्यामुळं चाचा दूध घ्यायला आलेले असोत की कुणाच्या मयतीला, ते समोरच्यावर संशयच घेतायत असं वाटायचं. आणि खरं सांगायचं तर ते घेतही होते.

माझं झेरॉक्सचं दुकान त्यांच्या स्टुडिओला लागून. मधे खाली प्लायवूड, वर काच. चहावाला दुधात पाणी घालतो, असा त्यांचा चहावाल्यावर संशय. मी त्यांच्या मीटरवर माझा पंखा चालवतो, असा माझ्यावर. आणि हा माणूस लोकांच्या तोंडांशी काहीतरी खेळ करतो, असा माझा त्यांच्यावर.

माझा धंदा सरळ. कागद आत, तोच कागद बाहेर. त्यात तुमची नजर, माझी नजर असला घोळच नाही. एकदा मी त्यांना तसं बोलूनही दाखवलं. "चाचा, फोटो म्हंजे फोटो. जे हाय ते येतंय. त्यात कोण बघणार, ह्याचा काय संबंध?"

चाचांचा डोळा बारीक झाला. "तुझी झेरॉक्स तंतोतंत असती न?"

"असतीच."

"मंग लोक तिच्यावर साहेबाचा सत्यप्रतीचा शिक्का कावून मारून घेतेत बे?"

मी मशीनचं झाकण उगाच उघडून बंद केलं. "तुझ्या मशीनला दिसतंय, पर तिच्यावर कोणी इश्वास ठिवत न्हाई. शेवटी माणसानंच बघावं लागतंय," असं म्हणून त्यांनी माझ्याच पंख्याखाली बसून माझाच चहा प्यायला आणि त्यात पाणी जास्त असल्याची तक्रार केली.

आता त्यांच्या त्या खेळाविषयी. मोबाइल आल्यापासून स्टुडिओत फोटो काढायला येतं कोण? नोकरीचे फॉर्म भरणारी पोरं सोडली, तर दोनच प्रकारची माणसं यायची. वाढदिवसाचं फ्लेक्स करणारी आणि घरचं माणूस गेलेली. ही दुसरी माणसं आधार कार्ड घेऊन यायची, नाहीतर कुठल्यातरी लग्नातला फोटो, ज्यात मेलेल्या माणसाचं तोंड अंगठ्याच्या नखाएवढं. चाचा कॉम्प्युटरवर तेवढं तोंड कापून घ्यायचे आणि तयार अंगावर बसवायचे. अंगं दोनच. पुरुषासाठी काळा कोट आणि निळा टाय. बाईसाठी हिरवी साडी, लाल काठ आणि मांडीवर ठेवलेले दोन हात. जन्मात ज्यानं धोतर सोडलं नाही तो म्हातारा मेल्यावर कोट-टाय घालून भिंतीवर. आमच्या भागातली चार घरं फिरा, चारही भिंतींवर तुम्हाला तीच हिरवी साडी आणि तेच हात दिसतील. एका घरात तर सासू आणि सून शेजारीशेजारी त्याच साडीत आहेत. जिवंतपणी दोघींनी एकमेकींचं भांडंसुद्धा वापरलं नव्हतं.

यावरून गावात बोललं जायचंच. चाचांच्या कॉम्प्युटरमधे अख्खी मसणवट आहे, एकाचा कान ते दुसऱ्याला लावतात, कमी पडलं तर नाकही, असं काय काय. पाहिलेलं कुणीच नव्हतं. त्यांना विचारलं तर उलट प्रश्न यायचा. "तुला दिसलं, का कोणी सांगितलं?"

हिरव्या साडीच्या त्या तयार अंगाच्या गळ्यात मंगळसूत्र होतं. एकदा एका म्हातारीचा फोटो तसाच फ्रेम होऊन गेला. ती म्हातारी कित्येक वर्षांची विधवा. दुसऱ्या दिवशी तिची मुलं फ्रेम घेऊन दुकानात. "चाचा, आमचा बाप जाऊन जमाना झाला, आन् मायच्या गळ्यात डोरलं? लोक काय म्हणतेल?"

चूक सरळसरळ चाचांची होती. पुसायचं विसरले होते. मी काचेतून बघत होतो. त्यांचे कान लालबुंद झाले होते. ते फ्रेम उघडायला लागले तेवढ्यात त्या मुलांबरोबर आलेली त्यांची आत्या, म्हणजे म्हातारीची नणंद, म्हणाली, "ऱ्हाऊ द्या रे. वैनी आता दादाकडंच गेली न? तितं काय रिकाम्या गळ्यानं जाईल का ती?"

मुलं एकमेकांच्या तोंडाकडं बघत राहिली. फ्रेम आली तशी परत गेली. ती मंडळी वळल्याबरोबर चाचा काचेतून माझ्याकडं बघून म्हणाले, "म्हणूनच ठिवलं व्हतं." साफ खोटं! पण एकच फोटो मुलांना चुकीचा आणि आत्याला बरोबर कसा दिसला, हे मला काही उलगडलं नाही. आणि न उलगडलेल्या गोष्टींचा मला राग येतो, हा माझा स्वभाव आहे.

फ्लेक्सवाल्यांची तऱ्हा वेगळी. प्रत्येकाला गोरं व्हायचं असायचं. गल्लीतला एक होतकरू पुढारी आला होता, वाढदिवसाचं मोठं फ्लेक्स करायला. "चाचा, जरा उजळ करा."

"कोण बघणार हाय?"

"सगळं गाव बघणार हाय की."

"मंग हाय तसाच ऱ्हाऊ दे. गावानं तुला बघितलेलं हाय."

तो ऐकेना. चाचांनी त्याला दुधासारखा केला, गाल भरले, वर गॉगल घातला. फ्लेक्स चौकात चढलं आणि बाजाराला आलेली त्याची स्वतःची आई त्याखाली उभी राहून विचारायला लागली, "ह्यो कोणाचा पोरगा हाय, बाई?" ही गोष्ट चाचांनी पुढं वर्षभर प्रत्येक गिऱ्हाइकाला सांगितली. हसायचे मात्र नाहीत. नुसता डोळा बारीक करायचे.

आणि मग माझी आई गेली.

आईचा मोबाइलवर विश्वास नव्हता. कुणी मोबाइल वर केला की ती पदर तोंडावर ओढायची. "ते कुटं कुटं जातंय, कोण कोण बघतंय, काय ठावं." त्यामुळं आमच्या सगळ्या लग्नाकार्यांच्या फोटोंत आईचा पदर आहे, आई नाही. तिच्या तोंडाचा म्हणाल तर एकच फोटो, आधार कार्डावरचा. आणि ती कार्डं मी रोज छापतो. त्या फोटोत माणूस ओळखू आलं तर कार्ड नकली समजावं, अशी त्याची कळा. आई त्यात कुठल्यातरी गुन्ह्यात पकडून आणल्यासारखी दिसते.

माझी थोरली बहीण, ताई, परळीहून आलेली होती. रडता रडता तिनं चाचांना सगळ्या सूचना दिल्या. आईला उजळ करा. गळ्यात बोरमाळ घाला, तिची लई हौस होती. डोळे असे बारके नकोत, मोठे करा. मी म्हणालो, "काही नको. जसं आहे तसं मोठं करा." आम्ही दुकानातच भांडलो. चाचांनी दोघांचं ऐकून घेतलं आणि म्हणाले, "तुमी दोघं परळीला आन् झेरॉक्समधी. घरात बसून फोटो कोण बघणार हाय?"

"अण्णा," आम्ही म्हणालो. अण्णा म्हणजे आमचे वडील.

"त्येन्ला आणा."

घरात सुतक, अण्णांना उठवायचं कसं? ताईनं ऐकलं नाही. तिच्या मनासारखा एक आणि माझ्या मनासारखा एक, असे दोन फोटो आम्ही करून घेतले. चाचांनी करून दिले, पण त्यांचा चेहरा असा होता की आम्हीच त्यांना फसवतोय.

ओसरीवर अण्णांची लोखंडी खुर्ची असते. तिथं जाऊन ताईनं तिचा फोटो त्यांच्यापुढं धरला. अण्णांनी बराच वेळ बघितलं. "ही पाव्हणी कोण?"

ताई आत जाऊन रडायला लागली. मला, लाजेची गोष्ट, थोडं बरं वाटलं. मी माझा फोटो पुढं केला. जशीच्या तशी आई, एक केस इकडचा तिकडं नाही. अण्णांनी तोही बघितला. "तीच हाय," ते म्हणाले. मी ताईकडं बघणार, तेवढ्यात पुढं म्हणाले, "पर ही माझ्याकडं बघत न्हाई. घिऊन जा."

तेराव्याला पाटावर फोटो नव्हताच. तिच्या कुंकवाचा करंडा ठेवला आणि त्याला हार घातला. पंगतीत कुजबुज सुरू झाली. आईचा फोटोसुद्धा लावला नाही, म्हणजे भावाबहिणीत जमिनीवरून काहीतरी बिनसलं असणार. माणसं जेवता जेवता आमच्या दोघांच्या तोंडांकडं बघून अंदाज बांधत होती. आमच्या शेजारणीनं तर ताईला कोपऱ्यात घेऊन विचारलंसुद्धा.

फोटोचं असू द्या. खरा घोर वेगळाच लागला. अण्णांना साखर आहे आणि ब्लडप्रेशरही. रोज सकाळी गोळ्या. आई असताना ती त्यांच्या तळहातावर गोळी ठेवायची, पाण्याचा तांब्या द्यायची आणि समोर उभी राहायची. अण्णा गोळ्यांचे जन्माचे चोर. जिभेखाली दाबून ठेवायचे आणि ती वळली की थुंकायचे. म्हणून ती वळायचीच नाही. "गिळली का?" एवढंच विचारायची. आई गेल्यावर गोळी आम्ही द्यायला लागलो. "घेतो की," म्हणायचे. मग एक दिवस माझ्या बायकोला तुळशीच्या कुंडीत पांढऱ्या गोळ्या सापडल्या, पाण्यानं फुगून आलेल्या. डॉक्टरनं साखर तपासली आणि माझ्यावरच ओरडला. असंच चाललं तर डोळे जातील, पाय जाईल, म्हणाला.

मी घरी येऊन अण्णांवर आवाज चढवला. बापावर आवाज चढवणं किती वाईट असतं ते चढवणाऱ्यालाच ठाऊक. अण्णा शांतपणे म्हणाले, "घेतली काय, न्हाई घेतली काय. आता कोण बघणार हाय?"

दुसऱ्या दिवशी दुकानात माझं मन लागेना. चाचांनी काचेवर टिचकी मारली. "बापाचं काय?" मी सगळं सांगितलं. तुळशीच्या गोळ्या, डॉक्टर, आणि अण्णांचं ते वाक्य. स्वतःचाच प्रश्न दुसऱ्याच्या तोंडून आलेला ऐकून चाचांनी काचेवरचं बोट मागं घेतलं. मग म्हणाले, "मी तवाच म्हणलं व्हतं. बघणाराला आणा. आणा आता तरी."

अण्णांना मी गाडीवर बसवून आणलं. चाचांनी त्यांना स्वतःचं स्टूल दिलं, स्वतः खोक्यावर बसले. मला वाटलं, आता नाक कसं होतं, कपाळ कसं होतं, असं विचारतील. ते म्हणाले, "अण्णा, वैनी तुमच्याकडं कवा बघायच्या?"

"कवा म्हंजे?"

"म्हंजे कोणत्या येळंला? काम करताना का बसल्यावर?"

अण्णा विचारात पडले. त्यांच्या पिढीत नवरा-बायकोनं चारचौघांत एकमेकांकडं बघायची पद्धत नव्हती. मग म्हणाले, "गोळी दिली की बघायची. म्या गिळली का न्हाई, त्येचा संशेव यायचा तिला."

"संशेव खरा असायचा का?"

अण्णांनी माझ्याकडं बघितलं आणि मान खाली घातली. "खराच असायचा."

"कशी बघायची?"

अण्णांनी करून दाखवायचा प्रयत्न केला. दोन्ही डोळे मिटले, मग भुवया चढवल्या, मग गाल ओढला. जमेना. "एक डोळा असा ल्हान व्हायचा तिचा. ह्यो, डावा. मंग मला हसू यायचं आन् हसताना गोळी खाली जायची."

मला राहवलं नाही. "चाचा, आधारवर तर दोन्ही डोळे सारखेच आहेत."

"आधारवाल्याकडं ती कावून संशयानं बघंल बे? त्येला काय गोळी घ्यायची व्हती का?" असं म्हणून त्यांनी आम्हाला हाकलून दिलं. उद्या या म्हणाले.

त्या दिवशी संध्याकाळी मी काचेतून एक विचित्र प्रकार बघितला. चाचा दाराकडं पाठ करून बसले होते आणि मोबाइल स्वतःच्याच तोंडापुढं धरला होता. आयुष्यात स्वतःचा फोटो न काढलेला माणूस! मी बघतोय हे लक्षात आल्याबरोबर मोबाइल खाली गेला. दातात काही अडकलं असेल, असं मी धरून चाललो.

सकाळी फोटो तयार होता. हिरवी साडी तीच, हात तेच. कुंकू मोठं. रंग आईचा होता तसाच सावळा. आणि डावा डोळा बारीक. एवढाच फरक, पण मी दुकानात उभ्या उभ्या घाबरलो. शाळेत असताना डब्यातली भाजी मी कुत्र्याला घालून यायचो आणि आई विचारायची "खाल्ली का?", त्या वेळचा तो डोळा होता. की मला तसं वाटलं? मी आधार कार्ड काढून शेजारी धरलं. काही कळेना.

घरी अण्णा खुर्चीवरच होते. मी फोटो समोरच्या खुंटीला लावला आणि बाजूला झालो. अण्णांनी बघितलं. डोक्यावरची टोपी नीट केली. मग फोटोला म्हणाले, "घेतली की. सकाळीच घेतली."

अण्णांनी चुळबुळ केली, इकडं तिकडं बघितलं, परत वर बघितलं. आणि माझ्या बायकोला म्हणाले, "आण बाई ती गोळी. ही काय सोडायची न्हाई." गोळी घेतली आणि हसले. हसता हसता रडले. मीही रडलो, त्यात लपवण्यासारखं काय आहे?

ताई पुढच्या खेपेला आली तेव्हा फोटो बघून बिथरली. सरळ दुकानात गेली. "चाचा, हे काय केलंत? माझी आई माझ्याकडं आयुष्यात कधी अशी बघितली न्हाई. लई मायेनं बघायची ती."

"तुमच्याकडं बघितलीच नसंल," चाचा म्हणाले. "पर ह्यो फोटो तुमच्याकडं बघतच न्हाई, ताई. तुमच्यासाठी दुसरा करून दितो." आणि त्यांनी खरंच तो पहिला, मोठ्या डोळ्यांचा, बोरमाळेचा फोटो काढून दिला. तो परळीला आहे. ताईला त्यात आई दिसते. मला दिसत नाही, पण मी ते ताईला कशाला सांगू?

चाचांना मात्र मी विचारलं. "खरं सांगा. आई खरोखर अशी दिसायची का?"

"मला काय ठावं? म्या तुझ्या आईचा नुसता पदर बघितलाय."

"मग एवढा हुबेहूब डोळा आणला कुठून?"

"वडील गोळी घेतेत न?"

"घेतात."

"मंग?" म्हणाले, आणि माझ्या पंख्याच्या वायरीकडं संशयानं बघायला लागले. मी म्हणालो, "फोटो चांगला झालाय, चाचा." त्यावर मान कलती झालीच. "कोणाला?"

चाचा मागल्या उन्हाळ्यात गेले. दुपारी शटर अर्धं ओढून घरी जेवायला गेले, ते आलेच नाहीत. हार्ट. मी त्यांच्या मातीला गेलो होतो. परत आलो तर ते अर्धं शटर तसंच होतं. ते मी पूर्ण खाली ओढलं.

दोन-तीन दिवसांनी चौकातल्या दुकानदारांनी श्रद्धांजलीचं फ्लेक्स लावलं. चाचांच्या दुकानात होणारी कामं आता दुसऱ्या एका दुकानात व्हायला लागली होती. तिथल्या कारागिरानं चाचांच्या लायसनवरचं तोंड घेऊन काम केलं होतं. मी खाली उभा राहून बघितलं. काळा कोट. निळा टाय. अख्ख्या तालुक्यातल्या म्हाताऱ्यांना ज्यांनी तो कोट घातला, त्यांच्याच अंगावर तो आता चढवला होता. तोंड गोरंपान, ओठांवर हसू, आणि दोन्ही डोळे टक्क उघडे. चौकात माणसं उभी होती. एक म्हणाला, "चाचाच हायेत की." दुसरा म्हणाला, "चाचा न्हाईत, त्येंचे भाऊ असतेल." चहावाला म्हणाला, "चाचा असते तर म्हणले असते, हे कोण हाय?" सगळे हसले. मला संताप आला. त्या कारागिरावर, फ्लेक्सवर आणि स्वतःवरही, कारण मी माझा मोबाइल उघडून बसलो आणि वरपासून खालपर्यंत शोधलं, तर शेजारी इतकी वर्षं बसलेल्या माणसाचा एक फोटो माझ्याकडं नव्हता. फोटो काढणाऱ्यावर कोण कॅमेरा धरतं? त्यानं स्वतःनं तरी कधी धरला होता का?

आणि मला ती संध्याकाळ आठवली. पाठमोरे चाचा, तोंडापुढं धरलेला मोबाइल.

मी गाडी काढून घरी आलो. ओसरीवर अण्णा डुलक्या घेत होते. मी आईच्या फोटोपुढं जाऊन उभा राहिलो आणि तिच्या डाव्या डोळ्यावर बोट ठेवलं. फोटोत हिरव्या साडीतली कुणीही बाई उरली. बोट काढलं, आई. परत ठेवलं, परत काढलं. आणि तिसऱ्यांदा बोट काढलं तेव्हा आई नव्हतीच. त्या डोळ्यातून चाचा माझ्याकडं बघत होते. कुंकवाखाली, सावळ्या गालावर, तोच अर्धा मिटलेला, माझ्या पंख्याच्या वायरीवर संशय घेणारा डोळा. लोक म्हणायचे ते खरं होतं तर. एकाचं दुसऱ्याला लावायचे. मला हसू येईना, रागही येईना. मी परत बोट ठेवलं.

मागून अण्णांचा आवाज आला. "काय करायलास बे? बोट काढ. तिला बघू दे."

मी बोट काढलं. अण्णांना काही सांगितलं नाही. सांगून तरी काय सांगणार होतो? गोळी रोज पोटात जात होती.

इद्दत, म्हणजे मुसलमानांत नवरा गेल्यावर बाईनं घरात पाळायचे चार महिने दहा दिवस, संपल्यावर एक दिवस चाची आमच्या घरी आल्या. चाचांच्या मिसेस. दुकानात पुरुषमाणसांची गर्दी, म्हणून घरी आले म्हणाल्या. ओसरीच्या कडेला टेकल्या. "भैया, तुमच्या मोबाइलमधी ह्यांचा एखादा फोटो असंल का? आमी भितीवर लावत न्हाई. पर नातू इचारतोय, दादा कसे व्हते म्हणून. त्या चौकातला दावला तर म्हणतोय, ह्यो तर साहेब हाय."

मी मोबाइल हातात घेतला आणि नुसताच धरून बसलो. नाही म्हणायचं कसं, याचाच विचार करत होतो. तेवढ्यात चाचींनी मान वर केली आणि त्यांची नजर समोरच्या खुंटीवर गेली.

त्या उठल्या. फोटोच्या जवळ गेल्या, मागं सरल्या, परत जवळ गेल्या. "ह्यो ह्यांनीच केलता न?"

"हो," मी म्हणालो. आता या बोलणार, अण्णा ऐकणार, आणि उद्यापासून गोळी परत तुळशीत.

चाची कितीतरी वेळ बघत राहिल्या. मग एकदम तोंडाला पदर लावून हसल्या, आणि डोळे भरून आले. फोटोकडंच बघत म्हणाल्या, "च्यात साखर जास्त पडली की असंच बघायचे मला. लई संशयी माणूस."

खुर्चीवरून अण्णा म्हणाले, "हिचं बी तसंच व्हतं. लई संशयी."

"ते तर दिसायलंच की," चाची म्हणाल्या.

बायकोनं चहा दिला, चाचींनी तो फोटोकडं बघत सावकाश प्यायला. मोबाइलमधला फोटो त्यांनी परत मागितला नाही. जायला निघाल्या, पायरीवर थांबल्या आणि माझ्याकडं न बघता विचारलं, "भैया, मदी-मदी यिऊ का?"

माझ्या मागून अण्णाच बोलले. "या की. तिला बी दिवसभर माझ्या एकट्याकडंच बघावं लागतंय."

तेव्हापासून आमच्या ओसरीवर त्या खुंटीसमोर दोन खुर्च्या असतात.